ओल्या वाळूचं सरळ उत्तर

"मॅडम, हे वाचून ती जर्मन बाई हात टेकतीया बघा," म्हणत आमच्या सेल्सच्या सूरजनं जाडजूड रिप्लाय माझ्या टेबलावर टाकला.

कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत मी क्वालिटी हेड होते. आम्ही पाठवलेल्या पंपाच्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल निघाले होते, म्हणजे ओतताना वायू अडकून लोखंडात पोकळी राहिली होती. साच्याची वाळू जास्त ओली असली की असं होतं. त्या जर्मन कस्टमर बाईंचा प्रश्न एकच: साच्याची वाळू तपासली होती का?

नव्हती. ओलावा मोजायचं मीटर बिघडलं होतं आणि ओतकाम थांबवायला कुणी धजलं नाही. आता उत्तर पटलं नाही तर ऑर्डर जाणार, दुसरी भट्टी बंद पडणार आणि तिथली माणसं घरी बसणार.

सूरजच्या उत्तरात ग्राफ होते, स्टँडर्ड्स होती. वाळू तेवढी कुठंच नव्हती.

आमचे मालक अण्णा म्हणाले, "एवढं कोण वाचतंय? 'आमच्याकडं वाळू रेग्युलर तपासतात' एवढंच लिवा. खोटं न्हाय की त्ये!"

"अण्णा, सूरजनं केलं त्याला इंग्रजीत ऑबफस्केट म्हणतात. पाणी इतकं ढवळायचं की तळ दिसू नये. तुमचं ते इक्विव्होकेट. पाणी नितळ ठेवायचं, पण पाय दोन्ही काठांवर. अडचण आली की सोयीच्या काठावर उडी."

"मग ह्यातलं कंचं लावायचं?"

"एकही नाही."

आम्ही कोल्हापूरकर एकमेकांना तोंडावर 'न्हाय' सुनावतो. कस्टमर समोर आला की मात्र आमच्या तोंडून 'हुतंय की!' एवढंच निघतं. या सवयीचा मला मनापासून राग होता, आणि उत्तराखाली सही माझी जाणार होती. मी लिहिलं, "त्या बॅचची वाळू तपासली नव्हती. चूक आमची. माल बदलून देतो. यापुढं मीटर बंद असेल तर ओतकामही बंद."

"भट्टी बंद पडली तर माणसास्नी तुमीच सांगायचं," अण्णा गुरगुरले.

"सांगेन," म्हणून मी मेल पाठवला.

दुसऱ्या दिवशी जर्मन बाईंचा फोन आला. "बाकीच्या सप्लायरांची उत्तरं मी अजून वाचतेच आहे. तुमचं समजलं. ऑर्डर चालू ठेवा."

अण्णा तडक भट्ट्यांच्या शॉपमध्ये गेले आणि ओरडले, "दुसरी भट्टी चालूच ऱ्हातीया रं! मॅडमनी राखली!" पुढं नोकरीत प्रमोशनं मिळाली, सत्कारही झाले. पण त्या आरोळीइतका अभिमान मला कशाचाच वाटला नाही.

घोळ घालायला डोकं लागतं, सरळ सांगायला छाती. डोकी आमच्याकडं भरपूर होती, ओतकाम थांबवायची छाती कुणाची झाली नाही, म्हणून तर ऑर्डर जायची वेळ आली होती.