नाक शहाद्याचं, जीभ सुरतेची

बातमी गाडीने आली. सुरतेकडची गाडी नंदुरबारला पाणी घ्यायला थांबली होती आणि मी मालधक्क्यावर मिरचीच्या गोण्या तपासत होतो. गार्ड मुद्दाम चालत माझ्यापर्यंत आला. आमच्याच भागातला माणूस, वाईट बातमीसाठी आवाज खाली आणायची त्याला सवय नाही. "बाबू, तुमना सोराबशेठ गयात. काल सांजले." मी मान हलवली, राहिलेल्या गोण्या तपासल्या, पावतीवर सही केली आणि मग बाकावर बसलो. धक्क्यावर मिरचीचा खकाणा उडत होता, त्यामुळे डोळे का ओले झाले हे कोणाला सांगावे लागले नाही. गाडी सुटली, मागे धूर रेंगाळला... आणि सवयीने मी त्या धुराचा वास शब्दांत बसवू लागलो. ओला कोळसा, तापलेले लोखंड, लांब कुठेतरी जळणारा पालापाचोळा. मग लक्षात आले, की हे आता सांगायचे कोणाला?

सोराबशेठ म्हणजे नवापूर स्टेशनासमोर विलायती दारूचे दुकान चालवणारे, मूळ सुरतेचे पारशी गृहस्थ. मी शहाद्याकडचा, गुजर घरातला. आमच्याकडे दारूचा थेंब उंबरा ओलांडत नाही आणि मांसमच्छीचे नावही कोणी काढत नाही. अशा माणसाची आणि दारूच्या दुकानदाराची उभ्या आयुष्याची मैत्री कशी जमली, असे लोक मला अजून विचारतात. ती एका फुटलेल्या बाटलीवरून जमली. नवापूरला मालबाबू म्हणून मी नवाच लागलो होतो. सुरतेहून आलेली एक पेटी खालून ओली दिसली, आणि नियमाप्रमाणे पेटी उघडून, काय फुटले ते लिहून मगच ती ताब्यात द्यायची होती. शेठ आले. लांब काळा डगला, डोक्यावर उंच टोपी, वय चाळिशीच्या आतबाहेर. त्यांनी पेटीबाहेर आलेली गवताची ओली काडी उचलली, नाकाखाली धरली आणि डोळे मिटले. "लिही, बाबू. शेरी गेली. पोर्ट सलामत. क्लॅरेटला धक्का नाही." मी म्हणालो, "शेठ, उघडल्याशिवाय लिहिता येत नाही." ते हसले. पेटी उघडली. शेरी गेली होती, पोर्ट सलामत होती. मी ते लिहिले. पण त्या मिटलेल्या डोळ्यांमागे ते क्षणभर कुठे जाऊन आले, हे लिहायला रकाना नव्हता.

तेव्हापासून काम संपल्यावर मी त्यांच्या दुकानामागच्या खोलीत जाऊन बसू लागलो. माझ्यासाठी गुलबाई, म्हणजे शेठच्या पत्नी, वेगळ्या पितळी पेल्यात चहा पाठवत आणि केळी ठेवत. मी केळी खाई आणि ऐके. तोरणमाळाकडे शिकारीला निघालेले साहेब, जंगलखात्याचे अधिकारी, तापीकाठचे एखादे हौशी जमीनदार, सगळे आधी शेठना विचारत, की उद्या जेवायला अमुक आहे, तर बरोबर काय घेऊ? शेठ घाई करीत नसत. मटणाच्या चरबीला तांबडी, तुरट क्लॅरेट धुऊन काढते, पण तीच माशाबरोबर दिली तर तोंडात पत्रा चाटल्यासारखे होते, म्हणून माशाला पांढरी, फिकी, थोडी आंबूस. मिरचीपुढे क्लॅरेट नेऊच नका, दोघे भांडतात. मिरचीला काहीतरी गोड आणि गार. गोड, दाट पोर्ट शेवटी, अक्रोड घेऊन, ज्याला घरी जायची घाई नाही अशा माणसासोबत. आणि मोहाची दारू ते याच रांगेत मानाने बसवत. एक साहेब त्यावर हसला तेव्हा शेठ म्हणाले, "मोहाचं फूल रात्री गळतं, साहेब, आणि पहाटे वेचतात. त्या दारूत ती पहाट राहून जाते. सोबत भाजलेले हरभरे घ्या, आणि बोलू नका." साहेब खरेच बोलला नाही... खिडकीबाहेर सातपुड्याकडचे आभाळ निळे पडत होते.

मग तापाची ती मोठी साथ आली. नवापुरात घराघरांतून माणसे गेली. शेठ वाचले. उठून हिंडूफिरू लागल्यावर एकदा ते धक्क्यावर आले, तेव्हा पुन्हा एक पेटी ओली होती. त्यांनी गवताची काडी उचलली, नाकाखाली धरली, डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग काडी माझ्या हातात देत म्हणाले, "तू सांग, बाबू. वास कसला येतो?"

मला थट्टा वाटली. म्हणालो, "दारूचा."

"दारूचा तर माझ्या टांग्याच्या घोड्यालाही कळतो. कसला ते सांग." त्यांचा चेहरा पाहून माझे हसू गेले. ताप गेला होता आणि जाताना नाक घेऊन गेला होता. जिभेला खारट, गोड, आंबट, तुरट, तिखट कळत होते. वास मात्र कशालाच उरला नव्हता. "गिऱ्हाइकाला कळलं तर दुकान जाईल," ते म्हणाले, "ते एक वेळ सोसेन. पण गुलला कळू द्यायचं नाही. ती बाई लग्नापासून माझ्या नाकासाठी रांधते, डीकरा. मी वास घेतो तेव्हा ती दारात उभी राहून माझं तोंड बघते. नाक गेलं हे तिला कळलं, तर उद्यापासून ती नुसतं शिजवेल. कोणासाठी रांधायचं म्हणेल." मी वचन दिले. ते पाळायचे कसे, एवढाच माझ्यापुढे प्रश्न होता.

आम्ही ते पद्धतशीर केले. संध्याकाळी मागच्या खोलीत शेठ पेल्यात दोन बोटे दारू ओतत, पेला फिरवून माझ्यापुढे ठेवत. मी वास घेऊन सांगायचे, मग ते घोटभर तोंडात धरून आंबटपणा, तुरटपणा, जिभेवरचे वजन जोखत आणि दोन्ही जुळवून त्या दारूचा स्वभाव ठरवत. पहिल्या दिवशी मी "उग्र", "बरा", "फार उग्र" असे सांगितले. शेठनी कपाळाला हात लावला. "ही मालाची यादी झाली! वस्तू सांग. तुझ्या गावची वस्तू सांग." मी डोळे मिटले. आणि मला आजोळचे गुऱ्हाळ दिसले... काहिलीच्या काठाला चिकटून करपलेला रसाचा फेस, त्यावरून येणारा माघातला वारा. मी ते सांगितले. शेठनी हळूच विचारले, "काहिलीजवळ की जरा लांबून?" मी म्हणालो, "लांबून. बैलांच्या पलीकडून." "मडेरा," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा सुटला, जणू तेही बैलांच्या पलीकडे उभे होते. पुढे मला रोज काहीतरी सापडत गेले. चिरलेले केळीचे खोड. सुगीनंतर खळ्यावर पडलेले पहिले दव. जांभळाने भरलेली नवी टोपली. आईच्या पेटीतले, वर्षभर घडी न मोडलेले लुगडे. मी बोलत असे आणि शेठ डोळे मिटून त्या त्या जागी हिंडून येत. कधी कधी दिवा लावायचेही राहून जाई. "नाक शहाद्याचं, जीभ सुरतेची," ते म्हणत, "दोघांचा मिळून एक माणूस होतो, पण चांगला होतो."

घरी माझी बायको पदर नाकाला लावून दार उघडी. "लोकेस्ना धनी पीसन येतस, नि मन्हा धनी निस्ता वास लिसन येस! आते गावले काय सांगू?" तिला गुपित सांगता येत नव्हते. मी हातपाय धुऊन जेवायला बसत असे.

गिऱ्हाइकापुढची परीक्षा एकदाच फार जवळ आली. जंगलखात्याचे एक मोठे अधिकारी मेजवानीसाठी क्लॅरेट न्यायला आले आणि म्हणाले, "बाटली माझ्यासमोर उघडा." शेठनी बूच काढले, पेला फिरवला, नेहमीच्या थाटात नाक पेल्यात घातले. मी शेजारीच उभा होतो. मला जो वास आला तो ओळखायला दारूचे ज्ञान नको होते. पावसात भिजून गोदामाच्या कोपऱ्यात कुजलेल्या गोणीचा तो वास होता. मी मोठ्याने म्हणालो, "शेठ, आज धक्क्यावर सगळ्या गोण्या भिजल्या हो." शेठनी पेला तत्काळ खाली ठेवला. "साहेब, हिचं बूच कुजलंय. ही मी तुम्हाला देणार नाही." अधिकाऱ्यांनी स्वतः वास घेतला आणि ते बघतच राहिले. ते गेल्यावर शेठ इतके हसले, की गुलबाई आतून विचारत आल्या, "काय झालं रे बावा?" आणि शेठ एकदम खणातल्या बाटल्या मोजू लागले.

गुलबाईंचे टेबल मात्र बदलत होते. मला नोंद ठेवायची खोड. मी त्या टेबलावर जेवत नसलो तरी काय येते ते रोज पाहत होतो. पूर्वी तिथे केशर येई, मंद आचेवर शिजलेले, झाकण काढताच खोली भरून टाकणारे काही काही येई. आता तिथे तळलेल्या बटाट्याच्या कुरकुरीत सळ्या, पापड, कच्चा कांदा, लिंबू, डाळिंबाचे दाणे, खारे शेंगदाणे, थंड दही. सगळे तोंडात वाजणारे, टोचणारे, चरचरणारे. वासासाठी म्हणून केलेले काहीच नाही. शेठ मात्र पहिल्या घासाआधी छाती भरून श्वास घेत आणि म्हणत, "वाह गुल, काय सुगंध!"

एकदा शेठ पुढे दुकानात असताना मी गुलबाईंना विचारले, की हल्ली पूर्वीचे पदार्थ दिसत नाहीत. त्या पेला पुसत होत्या, पुसत राहिल्या. "तापातून उठले तेव्हा दूध करपलं, भाई. शेजारीण धावत आली. आणि हे चुलीपासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसले होते." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमच्याजवळ बोललेत ना? नाही, सांगू नका. मला माहीत आहे हे त्यांना कळता कामा नये. मला फसवलं याचा त्यांना किती आनंद आहे! तेवढा राहू द्या."

म्हणजे माझ्याकडे आता दोन वचने झाली. मी व्यवहारी माणूस आहे. दोघांना समोरासमोर बसवून मोकळे करावे, असे पहिले काही दिवस वाटले. पण ते रोजचे जेवण पाहिले की वाटे, यातले काय मोकळे करायचे? एक जण वास आल्याचे सोंग करतो, दुसरी ते खरे मानल्याचे सोंग करते, आणि दोघांचे जेवण छान होते. मी केळे सोलून खात बसे.

वर्षे गेली. माझी नंदुरबारला बदली झाली. साहेब येईनासे झाले, दारूबंदीचे वारे वाहू लागले, दुकानात बाटल्यांपेक्षा रिकामे खण जास्त दिसू लागले. तरी मी महिन्या-पंधरवड्याला जात असे आणि शेठ काहीतरी उघडत असत. शेवटची भेट गेल्या हिवाळ्यातली. पोर्टची एक जुनी बाटली होती. मी सांगितले, की कापूस वेचून झाल्यावर उन्हात तापलेले शेत, आणि त्यात कोणीतरी विसरलेले बोरांचे गाठोडे... शेठ बराच वेळ त्या शेतात राहिले. मग मला जवळ बोलावून म्हणाले, "बाबू, एक अडचण आहे. माझे दात गेले. आणि गुल अजून सगळं कुरकुरीतच रांधते."

"मग सांगा त्यांना."

"काय सांगू? मऊ कर म्हटलं तर ती विचारणार, इतकी वर्षं हे आवडीनं का खाल्लंत?" त्यांनी पापडाचा तुकडा पोर्टमध्ये बुडवला, मऊ होऊ दिला आणि तोंडात टाकला. "वाईट नाही लागत. लिहून ठेव, पापडाबरोबर पोर्ट." आणि ते हसले. त्यांना नक्की किती माहीत होते, हे मी तेव्हाही विचारले नाही.

परवा नवापूरला गेलो. शेठना जाऊन काही आठवडे झाले आहेत. मागच्या खोलीत त्यांची खुर्ची भिंतीला लावलेली होती आणि गुलबाई स्वयंपाकघरात होत्या. इतक्या वर्षांत मी त्या दारापर्यंत कधी गेलो नव्हतो. या वेळी हाक मारायला गेलो. येतो म्हणून मी कळवले होते, म्हणून माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात तुरीची डाळ उकळत होती. गुलबाईंनी चमच्यात डाळ घेतली, फुंकली. मग त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे नाकाशी गेली, नाक घट्ट दाबले, आणि त्यांनी डाळ चाखली.

मी दारातच थांबलो. "म्हणजे तुम्ही इतकी वर्षं...?"

"नाहीतर त्यांना काय लागतं ते मला कसं कळणार, भाई?" नाक दाबलेले असल्याने आवाज गेंगाणा आला. एरवी आम्ही दोघे हसलो असतो.

"आता सोडा की," मी म्हणालो.

"सोडून पाहिलं. सोडलं की सगळा घमघमाट येतो, आणि वाटतं, मी कोणा दुसऱ्याच्या घरात रांधतेय." त्यांनी डाळ ढवळली. "तुम्ही मागच्या खोलीत त्यांना सांगायचात, ते मी इथून ऐकत असे. गुऱ्हाळ काय, खळं काय... मी तर ते पाहिलेलंही नाही." बोटे अजून नाकावर होती. त्यांनी डोळे मिटले. "सांगा."

"काय सांगू?"

"डाळीला वास कसा येतो?"

मी चौकटीला हात टेकला आणि डोळे मिटले. हिंग नुकताच फुललाय, मी म्हणालो. त्याच्या मागून तूर येतेय, भाजताना तडकते तशी नाही, भिजवून ठेवलेल्या डाळीसारखी, सकाळची. कोथिंबिरीच्या मुळांना लागलेली माती. लिंबाचं साल. आणि खाली, अगदी तळाशी, तापीवरून दुपारी येतो ना, तसा... वाळूचा, पाणी उतरल्यावरच्या वाळूचा...

गुलबाई ऐकत होत्या. माझे झाल्यावर नाक न सोडताच त्यांनी आणखी एकदा चाखले, जरा थांबल्या, आणि चिमूटभर मीठ घातले.