मिरचीची तबीयत नासाज़ आहे

आमच्या लखनऊच्या लॅबमध्ये मसाल्याचा नमुना फार दिवस टिकत नाही. ॲसिडमध्ये विरघळवला, मशीनला पाजला, की संपला. किस्से मात्र कुठल्याच ॲसिडमध्ये विरघळत नाहीत! मी मूळचा साताऱ्याचा, इथे केमिस्ट. मसाल्यात शिशासारखे जड धातू आहेत का, आणि तो सांगितलेल्या मुलखातलाच आहे का, हे तपासायचं आमचं काम.

*

एकदा हळदीत शिसं सापडलं. रंग खुलवायला काहीजण भलतंच मिसळतात, त्यातून येतं. व्यापारी आले. मी सांगितलं, "आपकी हल्दी में सीसा है."

गृहस्थ उखडले. "सीसा? हमारे गोदाम की एक खिड़की नहीं टूटी!"

हिंदीत शिसं म्हणजे सीसा आणि काच म्हणजे शीशा. यांच्या तोंडी दोन्ही एकच! मी समजावेपर्यंत त्यांनी पुडी टेबलावर ओतून हळद चाचपायला घेतली. मग पिवळीजर्द बोटं माझ्या नाकासमोर नाचवत म्हणाले, "देखिए, कहीं कटा?"

*

आमचे साहेब तिवारीजी म्हणजे अस्सल लखनवी. तोंडावर 'फेल' म्हणणं त्यांना जमतच नाही. हज़रतगंजच्या एका दुकानदाराची मिरची फेल झाली. साहेबांनी फोन लावला.

"जनाब, आपकी मिर्च की तबीयत ज़रा नासाज़ है."

 पलीकडून काळजीचा आवाज आला, "कब तक ठीक हो जाएगी?"

साहेब कळवळून म्हणाले, "अब उम्मीद कम है."

*

माझी मुलगी मराठी समजते, पण उत्तर हिंदीत देते. शाळेत टीचरनी विचारलं, पापा काय करतात? ही म्हणाली, "दूसरों के मसाले तेज़ाब में डालते हैं."

दुसऱ्या दिवशी मला शाळेत बोलावणं!

*

एक केशरवाले काश्मिरी केशराचं सर्टिफिकेट मागायला आले. तपासलं तर केशर नव्हतंच. मक्याच्या कणसाचे केस, लाल रंगात बुडवलेले! साहेबांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि मृदू आवाजात सांगितलं, "यह केसर नहीं, भुट्टे के बाल हैं."

माणूस जराही डगमगला नाही. म्हणाला, "तो भुट्टा कश्मीर का होगा!"

*

आता हे ऐका. झाड ज्या मातीत वाढतं आणि जे पाणी पितं, त्याची खूण मिरचीत उरते. ती खूण ओळखायला त्या-त्या भागातले खात्रीचे नमुने आधी जवळ लागतात. कोल्हापूरच्या मिरचीचा नमुना नव्हता. मी मीटिंगमध्ये छाती फुगवून म्हणालो, "सर, मेरी ससुराल कोल्हापुर में है. चिंता छोड़िए!"

सासूबाईंना फोन करून म्हटलं, घरातली खात्रीची मिरची पाठवा. त्यांनी आठवड्यात कुरिअरनं सुक्या लाल मिरच्यांची पिशवी पाठवली. सोबत निरोप, "एकदम घरातली आहे."

सगळे मशीनभोवती जमलो. रिझल्ट आला, मिरची लखनऊच्या आसपासची! साहेब म्हणाले, मशीन बिघडलं. इंजिनिअर बोलावला. मशीन ठणठणीत. पुन्हा तपासलं, पुन्हा लखनऊ. माझी मीटिंगमधली छाती आठवून कानशिलं तापली. अखेर साहेबांसमोरच फोन स्पीकरवर टाकला.

"आई, ही मिरची नक्की कोल्हापूरची ना?"

"तसं मी कुठं म्हटलं? मागं तुमच्याकडं आले होते, तेव्हा आमच्या पोरीनंच बांधून दिली की! इतकी चांगली, की खर्च करायला जीवच होईना. तुम्ही मागितली, म्हणून काढली."

"अहो आई, मला मूळ हवं होतं!"

"लेकीच्या घरची आहे, आणि काय मूळ पाहिजे? आता लेक पण मशीनमध्ये घालणार काय?"

साहेबांना मराठी येत नाही. ते माझ्याकडे झुकून अदबीनं म्हणाले, "क्या फ़रमाती हैं?"