सोड्यांचा पहिला नंबर

सोडा हातात घेतला की काकी तो आधी वाकवून बघायच्या. वाकला तर बाजूला, कट्कन मोडला तर पुढे. मग वास, मग रंग. आकार सगळ्यात शेवटी.

मालवणजवळच्या बायकांच्या गटात मी हिशेब लिहिण्याच्या कामाला होते. सोलून वाळवलेली कोळंबी, म्हणजे सोडे, आसपासच्या घरांतून यायचे आणि काकी त्यांची प्रत ठरवायच्या. मी प्रशिक्षणात शिकले होते, शंभर ग्रॅममध्ये जितके कमी सोडे भरतील तितकी प्रत वरची. पहिल्याच दिवशी मी एक पिशवी मोजून पहिल्या नंबरात ठेवली. काकींनी त्यातला एक सोडा माझ्या तळहातावर ठेवला.

"मोठो आसा, खरा. पण काळो पडलो हा. उन्हात घालूक उशीर केल्यानी. गणती मागसून कर गो."

"मग पहिला नंबर कुठला?"

"जो पावण्यांका रांधून घालशीत, तो."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती परक्यांशी कडक वागतात, आणि घरच्यांशी त्याहून कडक.

एका वर्षी अवकाळी पावसानंतर पुण्याहून मोठी मागणी आली. काकींची धाकटी बहीण गोणी घेऊन आली. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर या वाळवणावरच चालायचं. सोडे टपोरे, गुलाबी. काकींनी एक वाकवला. वाकला. दुसराही वाकला.

"आतून ओले आसत. हे जावचे नाय."

"माझे पण?"

"तुझे पण."

बहिणीने गोणी उचलली आणि मागे न बघता गेली. काकींनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या नाहीत. मी शोधत गेले, तर दोघी बहिणीच्या घरापुढच्या खळ्यात उन्हात बसून एकेक सोडा उलटत होत्या. एकमेकींशी एक शब्द नाही. असं चार दिवस चाललं.

पाचव्या दिवशी गोणी पुन्हा आली. "तू बघ," काकी मला म्हणाल्या आणि दूर जाऊन बसल्या. मी दहा सोडे मोडले, दहाही कट्कन मोडले. पण रंग उतरला होता. काकींकडे बघायची हिंमत होईना.

"दुसरा नंबर," मी म्हटलं.

बहीण हसायला लागली. "हिका बरा शिकयलंस गो," ती काकींना म्हणाली. पाच दिवसांनी दोघी बोलल्या त्या अशा.

काकी गेल्या वर्षी गेल्या. भेटायला गेले तेव्हा बहीण उंबऱ्यावर बसली होती.

"तिना माका कदी खोटा सांगूक नाय," ती म्हणाली. "आता माका खरा कोण सांगतला?"

मी तिच्या शेजारी बसून राहिले.