बसका गोळा

दोन वर्षं होत आली, तरी ती गोष्ट आठवली की अजून माझे दात आवळतात.

कोलकात्याजवळ डमडमला प्रदर्शनांची मॉडेलं बनवणाऱ्या कारखान्यात मी प्लास्टरचं काम करतो. सातवीत शाळा सोडली, पेणला गणपती घडवले, मग इथे आलो. मालकांनी राहायला खोली दिली, मोडकी बांगलाही शिकवली. ते मी विसरणार नाही. काम जाईल ही भीतीही तेव्हापासूनचीच.

तेव्हा तारकागुच्छ करायचा होता. म्हणजे लाखो ताऱ्यांचा गोळा. प्लास्टरवर बारीक मणी चिकटवून दाखवायचा. कागदावर नाव 'गोलाकार', पण फोटोवर दोरा धरला तर उभा कमी भरला, आडवा जास्त. मला त्यात नवल वाटलं नाही. गणपतीचं पोटही कधी पुरतं गोल नसतं, बसकं असतं. पेन्सिलीने मधोमध कमरेची रेघ मारली आणि गोळा बसका केला.

मालक म्हणाले, "ए मराठी, लड्डू पे बैठ गया क्या? गोल माने गोल."

"फोटोत असाच आहे, दादा."

"आता सातवी पास मला फोटो शिकवणार?"

मी वरखाली प्लास्टर चढवून तो गोल केला.

दोन दिवसांनी खगोलशास्त्र शिकवणाऱ्या दिदी तपासायला आल्या. म्हणाल्या, "सगळे नसतात, पण हा गुच्छ चांगला चपटा आहे. स्वतःभोवती फिरतो ना, म्हणून कमरेत फुगलाय. तुम्ही तर चेंडू केलात."

मालकांनी माझ्याकडे बोट केलं. "अनपढ आहे. कितीदा सांगितलं याला."

माझी कानशिलं तापली. मी तिथेच पटाशीने प्लास्टर खरवडायला लागलो. आतून जुना गोळा निघाला, रेघेसकट.

"ही रेघ कुणाची?" दिदींनी विचारलं.

"माझी. पहिल्या दिवसाची."

"म्हणजे आमचीच," मालक हसले. दिदी हसल्या नाहीत.

दुपारी मालकांनी माशाचा मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला. "खा रे." मी खाल्ला. काटा न काढता खाल्ल्यासारखा वाटला.

मणी लावताना मागच्या बाजूची बोटभर रेघ मी उघडी ठेवली. प्रदर्शनात गोळा फिरवणारी मोटर सुरू झाली की ती फेरीगणिक समोर येते. मालकांनी पाहिली आहे. अजून बोललेले नाहीत.