शेळ्यांच्या कोठ्याचं कुलूप

सकाळी पेपरात फोटो होता. गुरुजींची बदली रद्द करा म्हणून कुठल्याशा गावानं शाळेला कुलूप ठोकलं होतं. चहा हातातच निवला आणि मी मनानं सिंदेवाहीकडच्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दारात जाऊन उभी राहिले.

सातवीत होते. आमच्या गुरुजींची बदली झाली, तेव्हा गावानं हेच केलं होतं. कुलूप आमच्या शेळ्यांच्या कोठ्याचं, म्हणून घोषणा देण्याचा मान माझा. तळहाताला गंजाचा वास आणि घसा पार बसलेला. "आपल्या शाळेसारखी शाळा नाई," असं गुरुजीच तर रोज सांगायचे.

ते आले आणि हळूच म्हणाले, "पोरी, कुलूप खोल. माही पेटी आत आहे."

"काऊन गुरुजी? आमी तुमाले जाऊच देत नाई."

"बदली म्याच मांगतली. माही लेकरं वडस्याले कॉन्व्हेंटात शिकून राह्यली."

बाबांनी कुलूप काढलं. घरी तोवर शेळ्यांनी घरामागच्या सांदवाडीतली वांगी फस्त केली होती. बोलणी मला बसली.

आता त्यांच्यातला बाप मला कळतो. तरी कुणी गुरुजी आपल्या शाळेचं कौतुक करू लागले, की माझ्या तोंडून निघतंच, "तुमची पोरं कुठी शिकतात, गुरुजी?"