अण्णांना मिशी चिकटवणाऱ्यांनो

मंडळी, आज सकाळी चोपड्यात माझ्या वडिलांची शोकसभा झाली. डोकं अजून तापलेलं आहे, त्यामुळे गोड बोलणार नाही.

अण्णा सातपुड्यापलीकडचे, निमाडातले. नाटकाच्या वेडापायी इकडे खान्देशात आले आणि इथेच संसार थाटला. आयुष्यभर स्त्रीपार्ट केला, म्हणून मिशी कधी ठेवली नाही. आपल्याकडे बाप गेला की मिशी काढतात. म्हणून लोक त्यांना तोंडावर विचारायचे, "काय रे निमाड्या, तुझा बाप रोज मरतो का?" अण्णा हसून सोडून द्यायचे. मला ते कधीच जमलं नाही.

आज त्याच लोकांनी बॅनर लावला. वर 'खान्देशचे सुपुत्र' आणि खाली अण्णांच्या फोटोला झुपकेदार मिशी!

मी नाट्यमंडळाच्या अध्यक्षांना विचारलं, "भाऊ, हे काय केलंत?"

"ताई, बिनमिशीना माणूस बॅनरवर बरा दिखस का?"

अहो, त्याच बिनमिशीच्या माणसाने रोज शाळेत जाताना माझी वेणी घातली. नाटकातले केसांचे टोप विंचरून विंचरून हात बसला होता त्यांचा. माझ्या लग्नातला अंबाडासुद्धा त्यांनीच बांधला.

तेवढ्यात माझ्या लेकीने बॅनरकडे बघून विचारलं, "आई, हे कोण?"

मी सगळ्यांसमोर बॅनर खाली ओढला. आता म्हणतात, मी सभेचा अपमान केला.

तुम्हीच सांगा, नातीलाही न ओळखू येणाऱ्या त्या मिशीवाल्याला मी हार का घालायचा?