रिकाम्या सीटचा पट्टा

आमच्या घराण्यात पहिली डिग्री माझी आणि पहिली गाडीही माझीच. दोन्ही गोष्टी मी मोठ्याने सांगते, त्यात लाजायचं काय? बीएस्सी केमिस्ट्री, घोडबंदर रोडच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला. समोर आलेला माल पास की नापास, एवढं ठरवायचं माझं काम. त्यामुळे जुनी गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा मी कुणा जाणकाराच्या मागे लागले नाही. वहीत स्वतःच यादी केली, बेचाळीस मुद्द्यांची.

गाडी हवी होती अप्पांसाठी. अप्पा म्हणजे माझे वडील. मोहन्याच्या कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद झाला, आणि काही वर्षांनी त्यांचा खुबा गेला. ऑपरेशननंतर काठी घेऊन चालायला लागले, पण खोल सीटवर बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. भाड्याची गाडी आली की मी आणि ड्रायव्हर दोघं त्यांना काखेत धरून आत सरकवायचो. त्या वेळी अप्पा तोंड दुसरीकडे फिरवायचे. हळूहळू ते कुठेही जायला नको म्हणायला लागले. दवाखाना सोडला तर घराबाहेर नाही. मला एकच पाहिजे होतं: कुणाचा हात न धरता अप्पांना बसता येईल अशी उंच गाडी. नव्या एसयूव्हीच्या किमती बघितल्या आणि मोबाइल उलटा ठेवला.

मग ही सापडली. मधल्या आकाराची, पांढरी, एकाच मालकाची. कंपनीने हे मॉडेल बनवणंच थांबवलेलं, म्हणून भाव पडलेला. मॉडेलचं नाव लिहीत नाही, ज्यांच्याकडे आहे ते उगाच चिडतात.

आई म्हणाली, "बंद पडलेल्या गाडीला कशाला हात लावतेस?"

"बंद नाही पडली गं, बनवायची बंद झाली."

"तेच ते."

अप्पांनी पेपर खाली केला. "तेच ते नाही," एवढंच म्हणाले आणि पेपर पुन्हा वर केला.

विठ्ठलवाडीच्या गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, इंजिनचं सामान मिळेल, हेच इंजिन दुसऱ्या गाड्यांत पण आहे. पण दरवाज्याचं हँडल, मागची लाइट, असलं काय गेलं तर भंगारात शोधायला लागेल. ठोकू नका म्हणजे झालं." वहीत पहिल्या मुद्द्यापुढे मी लिहिलं, ठोकायची नाही.

गाडी कोळशेतला होती, खाडीकडच्या एका टॉवरमध्ये. फोनवर म्हाताऱ्या माणसाचा आवाज, कोळी बोलीतला. "सहानंतर ये बाय. चारला नको." मीही माझी अट घातली: गाडी आधी चालू करून ठेवायची नाही. गरम इंजिन सगळे दोष झाकतं. खरी परीक्षा थंड इंजिनची.

रविवारी अप्पांना कसंबसं भाड्याच्या गाडीत घालून नेलं. त्यांना बसवून बघितल्याशिवाय सीट कळणार कशी? माजिवड्याला गर्दी नव्हती, म्हणून पावणेसहालाच पोचलो. वॉचमनने खाली बोट दाखवलं, दुसरं बेसमेंट. लिफ्टने उतरलो. खाडी जवळ असल्यामुळे भिंतींना पुरुषभर उंच ओल चढलेली, आणि कुठेतरी पाणी उपसायचा पंप एकसारखा घुरघुरत होता. गाड्या कमी. लांब कोपऱ्यात ती पांढरी, आणि तिच्या डाव्या दरवाज्याशी सत्तरीचे काका उभे. अंगावर इस्त्रीचा शर्ट.

मी नमस्कार केला आणि सरळ बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. चहाच्या भांड्यासारखं गरम.

"काका, मी सांगितलेलं ना, चालू करू नका म्हणून?"

"मी कुठं चालवली?" त्यांनी नजर चुकवली. "मना चालवता येत नाय."

मी वहीत फुली मारली आणि काचेतून आत बघितलं. ड्रायव्हरच्या सीटवर पट्टा लावलेला होता. म्हणजे खांद्यावरून आडवा ओढून खाली खटक्यात नीट अडकवलेला. सीट रिकामी. पण पट्टा सैल पडलेला नव्हता, एखादं माणूस आत बसलेलं असावं तसा ताठ होता. मी दोन पावलं मागे सरले. मागे अप्पांची काठी लागली.

"काय झालं?" अप्पा म्हणाले.

"काही नाही." पण दरवाजा उघडायला मी वेळ लावला, हे खरं आहे.

"बाय, गारी सगली बग," काका म्हणाले. "पन ती सीट हलवू नको."

मी माझं काम सुरू केलं. काम सुरू झालं की माझी भीती जाते. पत्र्याच्या फटी सारख्या, बॉनेटच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे नाहीत, स्टेपनीच्या खड्ड्यात गंज नाही. टायर मात्र चमत्कारिक. नक्षी भरपूर शिल्लक, आणि प्रत्येक टायर खालच्या बाजूला चपटा बसलेला. वर्षानुवर्षं एका जागी उभ्या असलेल्या गाडीचे असतात तसे. उभी गाडी, मग इंजिन गरम कसं?

अप्पांनी खिशातून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. कारखान्यात ते असंच करायचे: टोक मशिनवर, मूठ कानाला, आणि आतलं बेअरिंग काय म्हणतंय ते ऐकायचं. मी उघड्या दारातून हात घालून चावी फिरवली. इंजिन लागलीच चालू झालं. अप्पा डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. एसीच्या जाळीतून पहिला झोत आला त्याला वास होता. मी माशांचा धरून चालले होते, कारण काकांनी फोनवर सांगितलेलं की बायको मासळी विकायची, पहाटे तीनला बंदरावर माल आणायला जायची, गाडी तिचीच. पण वास मोगऱ्याचा होता. ताज्या गजऱ्याचा.

मग मी मीटर बघितला. एकोणचाळीस हजार किलोमीटर. खालची बटणं दाबत गेले. सरासरी वेग: ताशी अकरा.

मी मनात भागाकार केला, पुन्हा केला: साडेतीन हजार तास. पहाटे तीनला रिकाम्या रस्त्याने मुंबईच्या बंदरावर जाणारी गाडी, तिची सरासरी अकरा? सायकलवर पेपर टाकणारा पोरगा जोरात जातो यापेक्षा. याचा अर्थ इंजिन भरपूर चाललंय आणि किलोमीटर कमी दाखवतायत. माझ्या यादीत हा एकोणिसावा मुद्दा होता आणि तो पकडल्याचा मला अभिमान वाटला. आज लिहिताना नाही वाटत.

"काका, मीटर मागे केलाय तुम्ही," मी म्हणाले. "मी तपासणीचंच काम करते. मला नका फसवू."

काकांनी दाराच्या मुठीवर हात ठेवला. अप्पा स्क्रू ड्रायव्हर कानाचा काढून हळूच म्हणाले, "अगं, मीटर बरोबर आहे. हे इंजिन जागेवर चाललंय. आमच्याकडे जादाचा पंप असायचा, काम नसलं तरी रोज चालवायचो, गंजून धरू नये म्हणून. त्याचा आवाज असाच व्हायचा."

"किती वेळ जागेवर? हजारो तास होतात, अप्पा!"

"तीन वर्सं," काका म्हणाले. "रोज चारला. दोन तास, कवा अडीच."

मग त्यांनी सांगितलं. बायको बाजारातून चारला परत यायची. वर घरात एसी नव्हता. ती फोन करायची, हे खाली यायचे, डावीकडे बसायचे, आणि दोघं थंडगार हवेत बसून राहायचे. दिवसभराचं सगळं ती तिथेच सांगायची. कोण गिऱ्हाईक भांडलं, कोणाची सुरमई शिळी निघाली. तिला पन्नाशीत गाडी शिकायची हौस, यांनी जन्मभर होडी चालवली पण गाडीला भ्यायचे. तिने एवढंच शिकवलं होतं, चावी फिरवायची. "चावी फिरव, पुडचं मी बगते." तीन वर्षांपूर्वी ती आजाराने गेली. हे चारला खाली येतच राहिले. आता सोसायटीने धुराची तक्रार लावून धरलेली, म्हणून विकायची.

"आणि पट्टा?" मी विचारलं.

"नाय लावला तर घंटी वाजते बाय. बोलनं आयकू येत नाय."

कुणाचं बोलणं, ते मी विचारलं नाही. माझ्या यादीत तो मुद्दा नव्हता.

राहिली होती खरी परीक्षा. मी डावा दरवाजा उघडला. काका बाजूला झाले, पण असे, जसं कुणी आपलं ताट दुसऱ्यापुढे सरकवावं. अप्पांनी काठी माझ्याकडे दिली. वरची मूठ धरली, पाठ सीटकडे केली, बसले, आणि एक पाय, मग दुसरा पाय आत घेतला. कुणी हात लावला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ऑपरेशनानंतर गाडीत बसताना पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तेव्हाच ठरवलं होतं, गाडी घ्यायची. पुढचं सगळं नुसतं रीतसर.

काका मागे बसले. मी ड्रायव्हरचा पट्टा सोडला. घंटी वाजायला लागली. बसले, पट्टा लावला, घंटी थांबली. सीट हलवायची नाही असं कबूल केलेलं, म्हणून गुडघे आखडून चालवायची तयारी ठेवलेली. पण पाय बरोबर पेडलवर गेले. आरसा बघितला, तर मागचा रस्ता जसा हवा तसा दिसत होता. एकही गोष्ट बदलावी लागली नाही. असतात सारख्या उंचीची माणसं, त्यात काय? मी स्वतःला तसंच सांगितलं.

उतार चढून रस्त्याला लागलो. गाडी डावीकडे ओढत होती. चपट्या टायरांमुळे ओढते, मी म्हटलं, व्हील अलाइनमेंट, मुद्दा सव्वीस. स्टिअरिंग जरा सैल सोडून बघावं म्हणून सोडलं आणि गाडी खाडीकडच्या गल्लीच्या तोंडाशी आपण होऊन वळायला लागली. माझा पाय ब्रेकवर गेला. गाडी एका बंद टपरीसमोर थांबली.

मागे काका हसले. तेवढं एकदाच हसताना बघितलं मी त्यांना. "हितंच थांबते ती. लिंबू सोडा प्यायला."

'थांबते' म्हणाले, 'थांबायची' नाही. आरशात बघितलं तर ते रस्त्याकडे बघत नव्हते, माझ्या मानेकडे बघत होते. अप्पा काचेतून बाहेर बघत होते. मी गाडी वळवली.

व्यवहार पंधरा दिवसांत झाला. कागद पूर्ण झाले. शेवटचा, बेचाळिसावा मुद्दा: चाव्या दोन्ही मिळाल्याच पाहिजेत. एक मिळाली.

"दुसरी हारवली बाय."

इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात तिचा आकार दिसत होता. मालात एक गोळी कमी भरली तरी मी अख्खी बॅच नापास करते. त्या दिवशी मी वहीत लिहिलं, चावी दुसरी, मिळाली.

गाडी मोहन्याला आली. आमच्या बिल्डिंगखाली, कारखान्याच्या भिंतीला लागून उभी करायची. आईने नारळ फोडला. मी नवे टायर टाकले, अलाइनमेंट केली, सरासरी वेगाचा आकडा शून्य केला. पहिल्या रविवारी अप्पांना टिटवाळ्याला नेलं, दुसऱ्या रविवारी खडवलीला नदीवर. आकडा सव्वीसवर आला. मग कंपनीत ऑडिट लागलं. "पुढच्या रविवारी नक्की, अप्पा," मी म्हणायचे. असे चार रविवार गेले. रोज मी कंपनीच्या बसने जायचे, गाडी खालीच.

एका संध्याकाळी येताना सहज बॉनेटला हात लागला. कोमट होतं. ऊन असेल, म्हटलं. दुसऱ्या दिवशी ढग होते, तरी कोमट. चावी लावून आकडा बघितला, बावीस. चार दिवसांनी एकोणीस. मी गाडी एक इंचही हलवली नव्हती. मग सतरा.

मला त्या खिशातली चावी आठवली. कोळशेत कुठे, मोहने कुठे. गाडी चालवता न येणारा सत्तरीचा माणूस इथवर येऊन बसेल? शक्य नाही. पण जिन्यावरून जाताना मी त्या काचेकडे बघणं टाळायला लागले. एकदा धीर करून बघितलं. सीट रिकामी, पट्टा सुटा, जागेवर. मी घरात कुणाला बोलले नाही. शिकलेल्या माणसाने असलं बोलायचं तरी कसं?

गुरुवारी कंपनीतून लवकर सोडलं. चारच्या सुमाराला गल्लीत वळले आणि इंजिनचा आवाज आला. जागेवर चालणाऱ्या इंजिनचा. काचांवर बाहेरून थंडीचं धुकं धरलेलं. जवळ गेले. ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटवरून पट्टा आडवा, ताठ, खटक्यात अडकवलेला. डाव्या सीटवर कुणीतरी बसलेलं, मान त्या रिकाम्या सीटकडे वळवून, हात हलवत बोलत होतं. ओठ दिसत होते, आवाज येत नव्हता.

काचेवर टकटक केल्यावर अप्पांनी मान वळवली. घरातली चावी खिळ्याला असायची, ती दुपारी जागेवर असते का, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

दार उघडलं. "कुठे निघालात अप्पा?"

"कुठे नाही. इथे बसलं की निघाल्यासारखं वाटतं."

"आणि पट्टा?"

"घंटी वाजते गं."

"कुणाशी बोलत होतात?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा प्रश्नच खुळा होता. "तुझ्याशीच की."

मी वळसा घालून गेले, दार उघडलं, पट्टा सोडला. घंटी वाजायला लागली. मी सीटवर बसले. सीट थंड होती, आणि अजूनही एक बोटभरही पुढेमागे करावी लागत नव्हती.

"सांगा," मी म्हणाले. "काय सांगत होतात?"

अप्पांनी मान समोरच्या भिंतीकडे वळवली. म्हणाले, "आता नाही आठवत."

घंटी वाजतच होती. मी पट्टा लावला, गिअर टाकला आणि गाडी बाहेर काढली. कुठे जायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं.